नगरपालिकेतले जुने पीसी लिनक्सवर न्यायचेत, पण २०११ चा ठराव उघडेना

कळवा_स्लो_लोकल:
नमस्कार मंडळी. ठाणे जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत कंत्राटी संगणक सहायक आहे. कुठली ते विचारू नका, मार्चमध्ये मुदतवाढ हवी आहे. आमच्याकडे ३८ पीसी, त्यातले २६ इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे आमचे डबे बाद. नवीन खरेदीची फाईल लेखा विभागात 'चर्चा करावी' असा शेरा मिरवत पडून आहे.

म्हणून आवक-जावकच्या एका पीसीवर एसएसडी (वेगवान डिस्क) घालून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. मशीन पळायला लागलं. प्रिंटरने अर्धा दिवस खाल्ला, तोही मार्गी लागला. मग हेडक्लार्क मॅडमनी २०११ चा एक ठराव उघडायला सांगितला. स्क्रीनवर रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या आणि टिंबं. मॅडम म्हणाल्या, "हा ठराव आहे की करणी?" सगळं ऑफिस हसलं, मी सोडून.

आता साहेब विचारतायत, लिनक्सवर मराठी चालत नाही का? काय सांगू?

टेंभीनाका_७:
सांगा की जर्मनीतल्या म्युनिचने पण लिनक्स सोडलं. एवढी श्रीमंत महापालिका, तिला जमलं नाही. पैसे भरून विंडोज १० चे सुरक्षा अपडेट तीन वर्षांपर्यंत मिळतात, ते घ्या आणि झोपा.

कळवा_स्लो_लोकल:
ते पैसे दरवर्षी दुप्पट होतात हो. इथे टोनरसाठी तीन सह्या लागतात.

कोपरखैरणेकर:
म्युनिचचं अर्धंच सांगितलंत. २००३ ला ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० पीसी नेले, आणि २०१७ ला परत फिरायचा ठराव केला. फिरले ते सभागृहाच्या ठरावाने, मशीन बंद पडली म्हणून नव्हे. जर्मनीतल्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ ला सुमारे ३०,००० पीसींचा निर्णय घेतला, तो आधी लिबरऑफिसचा, म्हणजे एमएस ऑफिसऐवजी वापरायच्या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचा. लिनक्स त्याच्या मागून. हा क्रम लक्षात ठेवा, तुमची गाठ तिथेच आहे.

तुमचा ठराव सुरेखसारख्या जुन्या फॉन्टात असणार. हे युनिकोड नव्हे, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखलं जाणारं टंकन नव्हे. रोमन अक्षरांच्या जागेवर मराठीचे तुकडे बसवलेत. फॉन्ट नसला की खालचं रोमन उघडं पडतं. विंडोजवाल्या पीसीतून त्या फॉन्टची टीटीएफ फाईल उचलून मिंटमध्ये टाका, ठराव लगेच दिसेल. पण दिसेल तेवढाच. शोध चालणार नाही, आणि त्यात नवीन टंकायला आयएसएम हे टंकनाचं सॉफ्टवेअर लागतं, ते विंडोजचं.

मी नवी मुंबईत एका कार्यालयात हे केलंय. आधी ऑपरेटिंग सिस्टीमला हातच लावला नाही. विंडोजवरच लिबरऑफिस दिलं, नवीन टिपणी फक्त युनिकोडमध्ये, चार महिने. लोकांना शिव्या घालायच्या त्या मेनूला घालू दिल्या. विंडोज काढलं तेव्हा निम्म्यांना कळलंही नाही.

जुन्या फायली युनिकोडमध्ये नेणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढाल तर रफाराकडे बघा. जुन्या फॉन्टात 'कार्यालय'मधला रफार 'या' टंकून झाल्यावर येतो. साधा कन्व्हर्टर त्याला आहे तिथेच ठेवतो आणि 'कार्यालय'चं 'कायार्लय' होतं. तसलेच 'सर्व'चं 'सवर्' आणि 'वर्ष'चं 'वषर्' पण सापडतील.

डिजिटल सहीचं टोकन आणि ई-निविदा ज्या टेबलावर आहेत तिथे दोन-तीन विंडोज ११ ठेवा. तिथे हट्ट करू नका. टोकनचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला तरी पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर बऱ्याचदा विंडोजचंच निघतं.

घणसोली_गाव:
बॉस लिनक्स बघितलं का? सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या चेन्नई केंद्राचं आहे. साहेबांपुढे 'सरकारी' म्हटलं की फाईल हलते. केरळच्या सरकारी शाळांत पोरं लिनक्सवरच शिकतात, तेही सांगा.

कळवा_स्लो_लोकल:
कोपरखैरणेकर, फॉन्ट टाकला, ठराव दिसला. कन्व्हर्टरही चालवला. पहिल्याच ओळीत 'कायार्लय'. मॅडमनी १४ पानांची प्रिंट मागितली, लाल पेन घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत ४१ चुकलेले रफार खुणावले. त्यातले २९ मला शोधून-बदलून सापडले असते. बाकीचे १२ फक्त त्यांनाच दिसले.

साहेबांना सांगितलं की लिनक्सवर मराठी चालतं, आपल्याच फायली मराठीत नाहीत. ते गप्प झाले, आणि आवक-जावकचे तीन पीसी लिबरऑफिसवर न्यायला हो म्हणाले. विंडोज तूर्त तसंच, फक्त त्या पीसींचं इंटरनेट काढलंय.

आता मॅडमची अट एकच. त्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर शिकल्यात, टायपिंगची परीक्षाही त्यावरच दिलेली, सरकारी मांडणीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकणार नाहीत. निवृत्तीला १९ महिने राहिलेत आणि आवकचं रजिस्टर त्यांच्याच हातात आहे. मिंटवर मराठी रेमिंग्टन कुणी रोज वापरतं का? 'ळ' आणि 'ऱ्या' कुठल्या कळांवर येतात तेवढं सांगा, सोमवारी त्यांच्या शेजारी बसायचंय.