वाइल्डफ्लाय 30 वर @रिसोर्स नल येतंय, डिप्लॉय होताना मात्र एरर नाही

मांजराकाठ (लातूर):
आडत दुकानाचं सॉफ्टवेअर आहे, सोयाबीनची हिशेबपट्टी काढतं. जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) 8 आणि वाइल्डफ्लाय (जावा ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर) 26 वरून जेडीके 17, वाइल्डफ्लाय 30 वर न्यायचंय. सर्व्हलेटचे इम्पोर्ट जावाएक्सचे जाकार्ता (त्याच पॅकेजांचं नवं नाव) केले, वॉर (ॲप्लिकेशनची फाइल) बिनतक्रार चढतं. पण पट्टी काढायला गेलं की @रिसोर्स लावून सर्व्हरकडून मागितलेला डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) नल, म्हणजे रिकामाच, आणि त्या ओळीवर नल पॉइंटर एरर. कन्सोलमधून कनेक्शन टेस्ट पास आहे, लॉग कोरा. दसऱ्यापासून आवक वाढते, मग सर्व्हरला हात लावता येणार नाही. पट्टी निघेपर्यंत शेतकरी ताटकळत बसतो. कुठं बघू?

गोदाकाठ (नांदेड):
भाऊ, टेस्ट पास आहे म्हणजे ड्रायव्हर, पासवर्ड सोडून द्या. @रिसोर्सचा इम्पोर्ट बघा. जावाएक्स.ॲनोटेशन असेल तर तिथंच पाणी मुरतंय. वाइल्डफ्लाय 27 पासून सर्व्हर फक्त जाकार्ताचं ॲनोटेशन ओळखतो. जुनं असलं तर त्याच्या लेखी तिथं काही लिहिलेलंच नाही, मग तक्रार कशाची करणार?

तरी कंपाइल कसं झालं? जेडीके 8 मध्ये ते पॅकेज आतच होतं, 11 मध्ये काढलं. बिल्ड पास व्हावं म्हणून पॉममध्ये (बिल्डच्या सेटिंग फाइलमध्ये) कुणीतरी जावाएक्स.ॲनोटेशन-एपीआयची जार टाकली असणार. ती काढा, राहिलेल्या प्रत्येक इम्पोर्टवर कंपायलरच बोट ठेवेल.

फक्त सरसकट जावाएक्स बदलू नका. जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.नेमिंग हे जेडीकेचे, ते तसेच राहतात.

उदगीरकर:
तो क्लास तयार कोण करतंय तेही बघा. न्यू लावून केलेल्या ऑब्जेक्टमध्ये कंटेनर (म्हणजे सर्व्हर) काही भरत नाही.

मांजराकाठ (लातूर):
जार होती! काढली, इम्पोर्ट बदलले, नल गेला. पण आता पट्टीचं टेबल सापडत नाही म्हणतोय, आणि एररमध्ये एच2 हा वेगळाच डेटाबेस यायलाय. आमचा डेटाबेस तर पोस्टग्रेस आहे.

गोदाकाठ (नांदेड):
म्हणजे इंजेक्शन व्हायलंय, पण दुसऱ्याच डेटासोर्सचं. ॲनोटेशनमध्ये नुसतं नेम दिलंय ना? ते तुमच्या ॲप्लिकेशनच्या आतलं नाव, जावा:कॉम्प/एन्व्ह खालचं. ते कशाला जोडायचं हे सांगितलं नाही की सर्व्हर डिफॉल्ट डेटासोर्स हातात देतो. वाइल्डफ्लायच्या मूळ सेटिंगमध्ये तो एक्झाम्पलडीएस, एच2 चा. टेबल नव्हतं म्हणून लगेच कळलं, हे बरं झालं. हिशेबाच्या कामात भलत्याच डेटाबेसमध्ये नोंदी जाणं फार वाईट.

@रिसोर्समध्ये लुकअप लिहा, कन्सोलमधलं जेएनडीआय नाव (सर्व्हरवर डेटासोर्स ज्या नावानं नोंदलाय ते) अक्षर न अक्षर, जावा:जेबॉस/डेटासोर्सेस पासून. ते चुकलं तर डिप्लॉयमेंटच पडतं आणि कोणतं नाव मिळालं नाही ते लॉगमध्ये येतं. एक्झाम्पलडीएस काढून टाका, सोबत सर्व्हरच्या सेटिंगमधल्या ईई सबसिस्टिममधलं त्याचं डिफॉल्ट बाइंडिंगही. नाहीतर सर्व्हर नसलेला डेटासोर्स शोधत बसेल.

मांजराकाठ (लातूर):
लुकअप दिला, पट्टी निघाली. लई आभार दादा. उदगीरकर सर, रिपोर्टच्या क्लासला न्यू लावलेलं सापडलं. तिथं न्यूऐवजी @इन्जेक्ट करतो, म्हणजे ऑब्जेक्ट सर्व्हरच देईल. त्यासाठी बीन्स.एक्सएमएल ही सेटिंग फाइल लागेल का?

उदगीरकर:
रिपोर्टच्या क्लासवर @रिक्वेस्टस्कोप्ड लावा, मग ती फाइल नसली तरी चालतं.