ओलावा सेन्सर काळ्या जमिनीत चालेल का?

प्रश्न: ठिबकचे व्हॉल्व्ह ओलावा सेन्सरवर आपोआप चालवायचेत. विक्रेता ‘टीआरएल ९’ (तंत्रज्ञान किती तयार आहे याची पातळी) सांगतो. जमीन भारी काळी. काय तपासावं?

उत्तर १: नासाच्या या मोजपट्टीत ९ म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध. पण कुठल्या मातीत, ते आधी विचारा! काळी माती वाळली की भेगाळते, सेन्सरच्या दांड्याभोवती हवा शिरते, ओलावा आहे त्याहून कमी दिसतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. तुमच्या रानासाठी तो ९ धरू नका.

उत्तर २: दांड्याजवळची माती काढून लगेच वजन करा, १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा करा. घट भागिले कोरडं वजन, गुणिले मातीची स्थूल घनता (कोरडं वजन भागिले मातीचं जागेवरचं घनफळ). हा आकडा सेन्सरशी ताडा. ओल्या आणि वाळत्या, दोन्ही अवस्थांत.

उत्तर ३: पहिला हंगाम सेन्सरकडून फक्त नोंदी घ्या, व्हॉल्व्ह हातानेच. नंतरही कंट्रोलरला कमाल वेळेची मर्यादा घालाच.