पुन: कॉलेजसाठी निधी: लोक का देतात आणि पैसे अडतात कुठे?

नमस्कार मंडळी,
आपल्यापैकी काहींच्या बॅचला पुढच्या वर्षी पंचवीस वर्षं होतायत. महाराष्ट्रातल्या एका खासगी संस्थेच्या अनुदानित कॉलेजसाठी निधी उभा करायचा विचार आहे. ग्रुपवर आवाहन टाकलं की अंगठे येतात, पैसे येत नाहीत. लोक नेमके कशामुळे देतात? आणि इथून, अमेरिकेतून, पाठवायचे कसे?
– सचिव

सचिवताई, नमस्कार.
कॉलेजबद्दल प्रेम बहुतेकांना असतं, पण हात खिशात जातो तो ओळखीच्या माणसाने थेट फोन करून विचारल्यावर. म्हणून आधी विभागवार यादी करा आणि दहा-बारा जणांमागे एक जण नेमा. तो त्याच वर्गातला हवा, आणि त्याने स्वतःचा आकडा आधी भरलेला हवा. जाहीर आवाहन त्यानंतर. आयआयटी मुंबईच्या 1998 च्या बॅचने रौप्यमहोत्सवाला 57 कोटी रुपये जाहीर केले. त्याआधीचा विक्रम 1971 च्या बॅचचा, 41 कोटींचा. दोन्ही वेळा निमित्त वर्धापनाचं, आणि बॅच म्हणून एकत्र आकडा गाठायचा होता. नंदन नीलेकणींनी 2023 मध्ये त्याच संस्थेला 315 कोटी दिले तेही तिथे प्रवेश घेतल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा.

दुसरं, वस्तू ठरवा. ‘कॉलेजला काहीतरी देऊया’ला कोणी उत्तर देत नाही. ‘रसायनशास्त्राच्या लॅबमधलं फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारं कपाट) बंद आहे, हे कोटेशन, हा विभागप्रमुखांचा सही केलेला कागद’ याला लोक उत्तर देतात. मात्र नुसत्या खरेदीपुरते पैसे जमवू नका. पाच वर्षांचा देखभाल करार त्याच निधीत धरा, नाहीतर वॉरंटी संपली की यंत्रावर कापड पडतं. मग पुढच्या बॅचकडे मागायला तोंड राहत नाही. कारण दुसऱ्यांदा देणारा हिशेब बघून देतो.

शिकत असलेल्या मुलांचंही सांगते. अनेक कॉलेजांत शेवटच्या वर्षी अनामत रक्कम परत घेण्याऐवजी निधीत ठेवायचा पर्याय देतात. रक्कम लहान, पण देण्याची सवय तिथे लागते. अट एकच: परत मागण्याचा रकाना फॉर्मवर तितकाच ठळक हवा. परस्पर कापून घेतलेली अनामत म्हणजे देणगी नव्हे, आणि ती मुलं पुढे वीस वर्षं फोन उचलत नाहीत.
– निधी समिती

मंडळी,
पाठवण्याचं मी सांगतो, कारण मनापासून दिलेले पैसे इथेच अडकतात.

पहिला प्रश्न पासपोर्टचा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली रक्कम भारतीय कायद्याने ‘विदेशी अंशदान’ (परदेशी देणगी) ठरत नाही, ती कॉलेजच्या नेहमीच्या खात्यात जाते. अमेरिकन नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलेला माणूस मात्र विदेशी स्रोत धरला जातो. त्याने एनआरओ खात्यातून (परदेशस्थांच्या भारतातल्या रुपया-खात्यातून) दिले तरी! इथली चूक सर्रास होते आणि निस्तरावी लागते कॉलेजला. अशी रक्कम घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच उतरायला हवेत. त्या खात्यात देशी देणगी मिसळता येत नाही, तेव्हा दोन्ही खात्यांचे तपशील वेगवेगळे मागवा. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते, ती संपलेली नाही ना तेही बघा.

दुसरा प्रश्न इथल्या कराचा. भारतातल्या कॉलेजला थेट पाठवलेल्या रकमेवर अमेरिकेत वजावट नाही. ती हवी असेल तर 501(सी)(3) दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय अमेरिकन संस्थेमार्फत द्या. कर्मचाऱ्याच्या देणगीला जोड म्हणून कंपनी देते ती मॅचिंग रक्कमही सहसा अशाच संस्थेला मिळते. पण ती संस्थासुद्धा विदेशी स्रोतच, म्हणून कॉलेजची एफसीआरएच्या अटीतून सुटका नाही. 250 डॉलर किंवा त्याहून जास्त देणगीला लेखी पोच लागते. संमेलनाच्या तिकिटातच देणगी घातली असेल तर जेवणाची किंमत वजा होते, म्हणून ही दोन्ही वेगळी ठेवा. पुतण्याची फी या वाटेने भरता येत नाही. विद्यार्थी संस्थेनेच निवडायचा.

कायम निधी करायचा असेल तर ‘ही रक्कम कॉर्पससाठी’ असं पत्र देणगीसोबतच द्या. पत्र नसेल तर ते संस्थेचं चालू उत्पन्न धरलं जातं आणि खर्ची पडतं. 25 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाला पावणेदोन लाख येतात. सगळे वाटू नका, पन्नास हजार मुद्दलात परत टाका, कारण फी वाढत जाते.
– कोषाध्यक्ष

कोषाध्यक्षकाका, नवरा ओसीआय आणि बायकोकडे भारतीय पासपोर्ट, खातं जोडीचं. मग?
– एक सभासद

बायकोच्या एकटीच्या खात्यातून, तिच्याच कमाईचे पाठवा. सोबत पासपोर्टची प्रत आणि ‘रक्कम माझी आहे’ असं सही केलेलं पत्र द्या. जोडखात्यातून गेली की पैसे कोणाचे हे कॉलेजच्या ऑडिटरला ठरवता येत नाही आणि रक्कम परत येते. नवऱ्याला द्यायचे असतील तर त्याची देणगी वेगळी, दिल्लीच्या खात्यात.
– कोषाध्यक्ष