‘पॅटर्न मॅचिंग केलं की संपला विषय’: कुठं संपला?

रंकाळा_काठ: कालच्या पोस्टीत लिहिलंय, ‘खेळण्यातल्या (शिकण्यापुरत्या छोट्या) प्रोग्रॅमिंग भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे तिचे प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम, फंक्शनल पद्धतीनंच (एकदा ठेवलेली किंमत न बदलता) लिहावा. ओकॅमल या फंक्शनल भाषेत प्रोग्रॅमच्या झाडाचा टाइप, त्यावर पॅटर्न मॅचिंग (फांदी कुठल्या प्रकारची ते बघून काम ठरवणं), संपला विषय. बाकी सगळी हमाली.’
भावा, झाडावरनं फिरणं हा सोपा भाग. भाषेत ‘मोज = मोज + १’ घाल, मग बघ. एन्व्हायर्नमेंट, म्हणजे कुठल्या नावाची किंमत काय ती यादी, बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक फांदीनं किंमत आणि नवीन एन्व्हायर्नमेंट अशी जोडी परत द्यायची. बेरजेची उजवी बाजू चुकून जुन्यावरच चालवली, की डावीकडचा बदल गडप. टाइप तोच, त्यामुळं कंपायलर चिडीचूप. दोन क्लोजरना (आपलं एन्व्हायर्नमेंट सोबत ठेवणाऱ्या फंक्शनना) एकच मोजणी हवी असेल, तर नावाचा खण सांगणारा एक मॅप (जोड्यांचा तक्ता) आणि खणातली किंमत सांगणारा दुसरा. म्हणजे हातानं रॅमच बांधली की! ही हमाली नाही व्हय?

गंगावेस_कट्टा: पोस्ट माझीच. खेळण्यात असाइनमेंट (नावाची किंमत बदलणं) कशाला पाहिजे? रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) पुरे. उद्या ‘जोवर’ या लूपचा नोड, म्हणजे झाडात नवी फांदी, वाढवला, तर कुठल्या मॅचमध्ये तो राहिलाय ते ओकॅमल ८ नंबरच्या वॉर्निंगनं दाखवतं. तुझ्या पायथनच्या इफ-एलिफच्या रांगेतनं तो गुपचूप ‘नन’ (काहीच किंमत नाही) होऊन बाहेर पडणार.

रंकाळा_काठ: शेवटी ‘_’ (बाकी काहीही आलं तर) लिहून ठेवलास की ती वॉर्निंग पण गप्प. आणि रिकर्शन कसलं पुरे? फॅक्टोरियलला स्वतःचंच नाव सापडत नाही, कारण क्लोजर बनतं तेव्हा ते नाव बांधलेलंच नसतं.

गंगावेस_कट्टा: क्लोजरमध्येच नाव ठेवायचं आणि बोलावताना क्लोजरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये घालायचं. एका ओळीचं काम. बोलावणाऱ्याच्या एन्व्हायर्नमेंटवर बॉडी चालवलीस, तर मात्र जुन्या लिस्प भाषेसारखा डायनॅमिक स्कोप, नावाची किंमत बोलावणाऱ्याकडनं येणार.

तांबडा_पांढरा: कोल्हापुरात बसून ‘लेट’ नि ‘इफ’ कशापायी? ‘मान’, ‘जर’, ‘नाहीतर’ ठेवा की.

रंकाळा_काठ: आणि लेक्सर (मजकुराचे शब्द-शब्द तुकडे पाडणारा भाग) कोण लिहिणार, तू? पायथनचं अक्षर तपासणारं ‘इजअल्फा’ काना-मात्रेला अक्षरच मानत नाही. ‘गूळ’ लिहिलं की ग एकीकडं, ळ दुसरीकडं.

तांबडा_पांढरा: युनिकोडचे एमएन आणि एमसी वर्ग (काना-मात्रेसारख्या खुणांचे) नावात चालू द्यायचे. एवढ्यावर भागतंय.

गंगावेस_कट्टा: ‘गुऱ्हाळ’ लिहून बघ, मग कळेल भागतंय का. एका कीबोर्डवरनं ऱ, हलंत, ह येतं. दुसऱ्यावरनं र, हलंत, झेडडब्ल्यूजे (न दिसणारी जोडखूण), ह. दिसायला एकच, मॅपला दोन वेगळी नावं. वर ‘गुऱ्हाळ सापडलं नाही’ म्हणून एरर, आणि व्हेरिएबल तर डोळ्यासमोर! एनएफसी (युनिकोडची एकसारखं रूप करायची पद्धत) केलं तरी ती एक होत नाहीत. झेडडब्ल्यूजे नुसता उडवलास तर रफार चढून ‘गुर्हाळ’. लेक्सरमध्ये दुसरं रूप पहिल्यात बदलून घ्यायचं, तेही नाव मॅपमध्ये जायच्या आधी.

रंकाळा_काठ: हे ओकॅमलवाला सांगतोय! तिथं ‘ग’ म्हणजे ३ बाइट, कॅरेक्टर म्हणून लिहिलास तर कंपाइलच होत नाही. ओकॅमललेक्स, त्याचं लेक्सर बनवायचं साधन, पण बाइट-बाइटच वाचतं.

गंगावेस_कट्टा: मान्य, साष्टांग घालू काय? युनिकोड वाचणारं सेडलेक्स लावतो. तुझा पार्सर (तुकड्यांचं झाड बांधणारा भाग) ‘१० - ३ - २’ला काय उत्तर देतो तेवढं सांग.

रंकाळा_काठ: ९.

तांबडा_पांढरा: 😂😂

रंकाळा_काठ: उजवीकडनं रिकर्शन झालंय, १० मधनं (३ - २) जातंय. पदांची यादी करून डावीकडनं फोल्ड केलं (एकेक पद घेत हिशोब पुढं नेला) की ५ येतात. आणि फोल्ड म्हटलं म्हणून लई खूश होऊ नको, फॉर लूपनं पण होतंय ते.