स्पेस स्टेशन ४०० किमीवरच आहे, मग आतली माणसं तरंगतात कशी? पोरांना गच्चीवरून दाखवायचंय (नाशिक)

इंदिरानगरची_ताई
नमस्कार मंडळी. आमच्या बिल्डिंगमधली पाचवी ते आठवीची पोरं रविवारी आमच्याकडे जमतात, काहीतरी विज्ञानाचं करत असतो. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशू शुक्ला स्पेस स्टेशनवर गेले आणि तिथून तरंगत बोलताना दिसले, तेव्हापासून सगळ्यांना तेच वेड लागलंय. आता थंडीत आकाश मोकळं असतं म्हणून गच्चीवरून स्टेशन दाखवायचं ठरवलंय, पण सातवीतल्या एका मुलीने विचारलंय की चंद्र पावणेचार लाख किलोमीटरच्या पुढे आहे तरी पृथ्वी त्याला धरून ठेवते, मग ४०० किलोमीटरवरच्या माणसांना का नाही ओढत? इतका छान प्रश्न आहे की तिला सूत्रं न सांगता खरंच पटेल असं उत्तर द्यायचंय. कसं सांगू? आणि इंदिरानगरमधून दिसेल ना, की गंगापूर धरणाकडे वगैरे जावं लागेल?

पंचवटीकर७
तिकडे हवा नसते ना ताई, म्हणून तरंगतात. आम्हाला शाळेत असंच सांगितलेलं.

दुर्बीण_म्हसरूळ
नाही दादा, हवेचा संबंध नाही. स्टेशनच्या आत आपल्यासारखीच हवा भरलेली असते, तरी ते तरंगतात, आणि चंद्रावर हवा नाही तरी १९६९ मध्ये उतरलेली माणसं तिथे पाय टेकून चाललीच की.

ताई, त्या मुलीला आधी सांगा की तुझी शंका बरोबर आहे, पृथ्वी ओढतेच. ४०० किमीवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असतं, म्हणजे तेवढा उंच मनोरा बांधून त्यावर वजनकाटा ठेवला तर ५० किलोचा माणूस ४४ च्या आसपास भरेल, तरंगणार अजिबात नाही. आणि ४०० किमी म्हणजे काय, नाशिकहून मुंबईला जाऊन परत यायचं त्यापेक्षा थोडंच जास्त.

मग तरंगतात का, तर ते सतत पडत असतात म्हणून. कुठलीही वस्तू सोडली की पहिल्या सेकंदात साधारण ५ मीटर खाली येते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे ८ किमी सरळ पुढे गेलं की जमीनही साधारण ५ मीटर खाली वळलेली असते. स्टेशन एका सेकंदात साडेसात किमीच्या वर जातं. (नाशिकरोड स्टेशनपासून सीबीएस बसस्थानकाच्या जरा अलीकडेपर्यंत, एका सेकंदात! पोरांना हे नक्की सांगा.) म्हणजे ते जेवढं पडतं तेवढीच जमीन खालून वळत जाते, आणि स्टेशन, माणसं, पाण्याचे थेंब सगळं एकाच वेगाने पडत असल्यामुळे कोणी कोणावर टेकतच नाही. टेकणं नाही म्हणून वजन जाणवत नाही, बस्स.

आडगावचे_सर
वरचं बरोबर आहे, पण ताई, सांगण्याआधी करून दाखवा, माझा वर्गातला अनुभव आहे की पोरांना डोळ्यांनी दिसलं की पुढचं आपोआप समजतं. प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्या, तळाजवळ गरम सुईने भोक पाडा, बोट लावून पाणी भरा, झाकण काढलेलंच ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता खुर्चीवर उभं राहून धार चालू असतानाच बाटली सोडून द्यायची, खाली बादली ठेवा. पडताना धार बंद! कोणीतरी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये घ्या, कारण अर्ध्या सेकंदाचाच खेळ असतो. बाटली आणि पाणी बरोबरच पडतायत म्हणून पाणी भोकाकडे दाबलं जात नाही, मग विचारा की बाटलीच्या जागी स्टेशन आणि पाण्याच्या जागी शुक्लासाहेब असते तर? गच्चीच्या कठड्यावरून मात्र काही टाकू नका, खुर्चीची उंची पुरते.

दुर्बीण_म्हसरूळ
दिसण्याबद्दल राहिलंच. इंदिरानगरमधून आरामात दिसतं, धरणावर जायची गरज नाही, शुक्राच्या तोडीचं तेजस्वी दिसू शकतं. फक्त संध्याकाळी अंधार पडल्यावर नाहीतर पहाटे उजाडायच्या आधी, कारण आपल्याकडे अंधार पण वर स्टेशनवर ऊन असं पाहिजे, त्याचा स्वतःचा दिवा नाही दिसत आपल्याला. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपमध्ये नाशिक टाकून वेळ बघा आणि क्षितिजापासून ५० अंशांच्या वर जाणारा पास (म्हणजे आपल्या आकाशातून जाण्याची एक फेरी) निवडा, खालचे बिल्डिंगांमागे जातात. नैर्ऋत्येकडून ईशान्येला किंवा वायव्येकडून आग्नेयेला जातं, लुकलुकत नाही, विमानासारखे लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही. जास्तीत जास्त सहाएक मिनिटं मिळतात, आणि कधीकधी मध्येच मंद होत विझतं, तेव्हा ते पृथ्वीच्या सावलीत गेलेलं असतं. पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ढग आला समजून हिरमुसतात.

इंदिरानगरची_ताई
सर, बाटलीचं काल जिन्यात केलं, पोरांनी पुन्हा पुन्हा करायला लावलं, आणि त्या मुलीचा लगेच पुढचा प्रश्न तयार! सारखं पडतंय तर कधीतरी खाली येईलच ना?

आडगावचे_सर
शाब्बास म्हणा तिला. खरंच खाली येतं, थोडं थोडं. ४०० किमीवरही अगदी विरळ हवा असते, ती स्टेशनला घासून वेग कमी करत राहते आणि कक्षा हळूहळू उतरते. म्हणून मधून मधून जोडलेल्या मालवाहू यानाची इंजिनं पेटवून स्टेशन परत वर ढकलतात. १९९८ मध्ये पहिला भाग वर गेला तेव्हापासून हे चालूच आहे. सूर्य जास्त खवळलेला असला की वरची हवा फुगते, घर्षण वाढतं आणि इंधनही जास्त लागतं. आता ती सूर्याचं विचारेल, तयारीत राहा.