ॲपलचं अपडेट: आलं की टाकायचं, की दोन महिने लोळत ठेवायचं?

गच्चीवरून
घरात तीन आयफोन: माझा, बायकोचा, आईचा. सप्टेंबरात नवी आयओएस, म्हणजे आयफोन चालवणारी मूळ प्रणाली, येते आणि आमच्याकडे गणपतीसोबत हा वादही बसतो. माझा नियम साधा आहे. दोन महिने हात लावायचा नाही, आधी लोकांचं काय होतंय ते बघायचं.

मी स्वतः कधी पोळलेलो नाही, पण इतिहास वाचलाय. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ चं अपडेट आलं आणि नव्याकोऱ्या आयफोन ६ चं नेटवर्कच गेलं, बोटाचा ठसाही चालेना. तासाभरात कंपनीने ते मागे घेतलं. ज्यांनी त्या तासात उत्साह दाखवला, त्यांच्या हातात जुनी आवृत्ती परत टाकेपर्यंत नुसता डबा. शिवाय एरवी इथे परतीची वाट फार दिवस उघडी नसते. जुन्या आवृत्तीला मान्यता देणं ॲपल थोड्याच दिवसांत बंद करतं, मग पटो न पटो, नांदायचं तिथेच. तुम्ही काय करता?

शून्यकुंजी
मी त्याच रात्री टाकतो, आणि तुमचा नियम धोक्याचा आहे असं स्पष्ट म्हणतो.

सप्टेंबर २०२१ आठवा. टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबला एका सौदी कार्यकर्त्याच्या फोनवर पेगासस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर सापडलं. आयमेसेजमधून, म्हणजे ॲपलच्या निरोपांच्या ॲपमधून, आलेली फाइल, नाव जीआयएफ चित्राचं, आत पीडीएफ. कुठल्या लिंकवर बोट ठेवायची गरज नव्हती, निरोप येऊन पडला की काम झालं. सिटिझन लॅबने ७ तारखेला कळवलं, १३ तारखेला ॲपलने १४.८ सोडलं. तुमच्या हिशोबाने ते तुम्ही नोव्हेंबरच्या मध्यावर टाकलं असतं.

गच्चीवरून
पेगासस माझ्या फोनवर? माझ्या फोनमध्ये सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा हिशोब आहे, तो हवा तर मागा, देतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ॲपलचे इशारे आले तेही कुणाला? महुआ मोईत्रा, शशी थरूर, आपल्याकडच्या प्रियंका चतुर्वेदी. सरकारपुरस्कृत हल्लेखोर तुमच्या मागे असू शकतात, असा मजकूर. त्यातही कंपनीने नंतर सांगितलं की कुठल्या विशिष्ट सरकारवर आमचं बोट नाही आणि काही इशारे खोटेही ठरू शकतात. खासदारांनी त्याच रात्री अपडेट करावं. मी टँकरवाला.

शून्यकुंजी
इथेच चूक होते. सुरक्षेतलं भोक बुजवेपर्यंत ते मोजक्यांना माहीत असतं आणि महागात विकलं जातं, म्हणून तेव्हा ते खासदारांच्या वाट्याला येतं. अपडेट निघालं की त्यासोबत काय बुजवलं त्याची यादीही निघते. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून भोक नेमकं कुठे होतं ते शोधायला मग भुरटेही बसतात. म्हणजे तुमचे दोन महिने हाच टँकरवाल्यांसाठी सगळ्यात वाईट काळ.

आणखी एक. सफारी, म्हणजे आयफोनचा ब्राउझर, वेगळी अपडेट होत नाही, ती आयओएसबरोबरच येते. आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आतलं इंजिन सफारीचंच. आयओएस जुनी म्हणजे बँकेचं पान उघडणारी खिडकीही जुनी.

फणसपोळी
मी निवृत्त शिक्षिका, तांत्रिक काही कळत नाही, तरी बोलते. माझा आधीचा फोन दुसऱ्याच एका कंपनीचा होता. दोन वर्षं अपडेट आली, मग कंपनी मला विसरली. फोन ठणठणीत, पण वारस नसलेल्या वाड्यासारखा. इथे लोक अपडेट फार येतात म्हणून रडताहेत, गंमतच आहे.

भाच्याने सांगितलं की २०१३ च्या आयफोन ५एस ला ॲपलने जानेवारी २०२३ मध्येही सुरक्षेचं अपडेट दिलं. खरं का?

शून्यकुंजी
खरं आहे, ताई. १२.५.७.

बॅटरीबहाद्दर
आता हे कौतुक पुरे. लोक अपडेटला का घाबरतात याचं उत्तर कुणीच देत नाहीये, कारण ते कंपनीच्या दारात जातं.

२०१७ च्या सुरुवातीला १०.२.१ मधून ॲपलने जुन्या आयफोन ६, ६एस आणि एसईचा वेग गुपचूप कमी करायची सोय घातली. कारण खोटं नव्हतं. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की एकदम जास्त वीज देऊ शकत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. पण सांगितलं नाही! लोकांनी चाचण्यांचे आलेख मांडले तेव्हा, डिसेंबरात, कबुली दिली. मग माफी, ७९ डॉलरची बॅटरी २९ ला, २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोंचा दंड. त्या वर्षभरात किती जणांनी नुसती बॅटरी बदलायची सोडून नवा फोन घेतला असेल?

त्या दिवसापासून "अपडेट केलं की फोन मंद होतो" हे घराघरात पक्कं झालं. दुधाने तोंड पोळलं, आता लोक ताक फुंकताहेत. आणि शून्यकुंजी, ते ताक म्हणजे तुमचं सुरक्षेचं अपडेट. गच्चीवरून यांना अडाणी ठरवू नका, त्यांना हे कंपनीनेच शिकवलंय.

गच्चीवरून
+१. आणि घाईचं बुजवणंही कसं असतं बघा. नोव्हेंबर २०१७, मॅकवर हाय सिएरा ही तेव्हाची प्रणाली. नावाच्या जागी "रूट" (सगळे अधिकार असलेलं खातं) लिहा, पासवर्ड कोरा ठेवा, एंटर मारत राहा, आत! दुसऱ्याच दिवशी अपडेट आलं आणि त्याने काहींचं फाइल शेअरिंग मोडलं. जुलै २०२३ मध्ये तर झटपट सुरक्षा अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण आवृत्तीच्या आकड्यापुढे कंसात "ए" होतं आणि काही वेबसाइटी तेवढ्यानेच गोंधळल्या. कंसाने!

शून्यकुंजी
पासवर्डशिवाय उघडणारा मॅक दोन महिने तसाच ठेवला असता का? फाइल शेअरिंग गेलं तर गेलं.

बॅटरीबहाद्दर यांचा राग मात्र मान्य. गुपचूप केलं ते वाईटच. पण आता बॅटरीची अवस्था सेटिंगमध्ये दिसते, ११.३ पासून. मंद वाटला तर आधी तिथे बघा.

फणसपोळी
तुम्ही दोघे एकाच शब्दावर भांडताय. दरवर्षीचं मोठं अपडेट, ज्यात माझी बटणं जागा बदलतात, आणि अधेमधे येणारं छोटं, ज्यात फक्त भोकं बुजतात, ही दोन वेगळी प्रकरणं आहेत ना? माझा भाचा मोठ्याला थांबवतो, छोटं लगेच टाकतो. शिवाय आपोआपचं बटण चालू ठेवलं तरी मोठं अपडेट पहिल्या दिवशी येत नाही, काही आठवड्यांनी येतं, तोवर घाई करणाऱ्यांचं काय झालं ते कळतंच.

बॅटरीबहाद्दर
कंपनी मोठं घ्या म्हणून मागे लागते, त्याचं काय? लाल ठिपका जातो का?

फणसपोळी
लाल ठिपक्याला मी घाबरत नाही. छत्तीस वर्षं लाल पेनच वापरलंय.

गच्चीवरून
ताईंचं पटलं, अर्धं. आईच्या फोनवर आपोआपचं बटण चालू केलं. तिचे बँकेचे सगळे ओटीपी त्यावर येतात, हे आधी सुचलं नव्हतं. माझ्या फोनवर मात्र नोव्हेंबर.

शून्यकुंजी
कुठल्या सालचा?