मदत हवी आहे : नाग नदीची पूररेषा बदलली तर जुन्या मंजूर घरांचे काय?

नमस्कार. आमचे घर नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीपासून दोन गल्ल्या आत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तलाव ओसंडला आणि नदीचे पाणी आमच्या तळमजल्यात शिरले. भिंतीवरची गाळाची रेघ स्विचबोर्डाच्याही वर होती. रंग देण्यापूर्वी आम्ही तिचा टेप लावून फोटो घेतला आहे.

पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणारी नकाशावरची रेषा, नव्याने आखली जावी, अशी चर्चा आता वस्तीत सुरू आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे, कारण अंगणे फरशीची झाली आणि नाल्यांवर स्लॅब पडले, तरी रेषा मात्र जुन्या मोजणीची ठेवण्यात कोणाचेच हित नाही. घरांच्या किमती पडू नयेत म्हणून रेषा नदीकडे सरकवावी, असे काही शेजाऱ्यांचे म्हणणे आहे. त्यांची धास्ती मला कळते, पण तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांना पाण्याची खरी पातळी कळणे त्याहून गरजेचे आहे.

राज्याच्या नियमांनुसार निळी रेषा २५ वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामास मनाई असते, तर दोन रेषांमधील पट्ट्यात जोते (घराचा जमिनीवरचा चौथरा) लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवावे लागते. आमचे जोते रस्त्यापासून दोन पायऱ्या उंच होते. काँक्रीटीकरणात त्यातली एक पायरी रस्त्याखाली गेली.

मंजूर नकाशा असलेले जुने घर नव्याने निळ्या रेषेच्या आत आले, तर दुरुस्ती व पुनर्बांधणीची परवानगी कोणत्या अटींवर मिळते? अशा घरावर बँका कर्ज देतात का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घराघरांतल्या पाण्याच्या खुणा मोजणीत धरल्या जाव्यात यासाठी रहिवाशांनी जलसंपदा विभागाकडे अर्ज करावा की महानगरपालिकेकडे? सोबत नगर भूमापन क्रमांक, फोटो आणि जोत्याची पातळी देणे पुरेसे आहे की पातळी अधिकृत सर्वेक्षकाकडून मोजून घ्यावी लागते? सांगली, कोल्हापूर किंवा पुण्यातील कोणी असा अर्ज केला असल्यास त्याचा मसुदा कृपया येथे द्यावा. आमच्या गल्लीतील सर्व घरांचा एकत्रित अर्ज आम्हाला पावसाळ्यापूर्वी द्यायचा आहे.